गच्चीवरचं स्टूल आणि जांभळी कड

दुर्बिणीचं वेड असलेली चार माणसं एकत्र आली की दुर्बिणींपेक्षा किस्सेच जास्त जमतात. बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रविवारी सकाळी आम्ही नव्या दुर्बिणी तपासतो. परवडणाऱ्या, तरी चांगल्या मोठ्या, आणि जाहिरातीत 'अपोक्रोमॅटिक' म्हणवणाऱ्या. म्हणजे भिंग असं, की सगळे रंग एका जागी यावेत, उजळ वस्तूला जांभळी कड दिसू नये. ती दिसते की नाही, हे कंपनी नाही, आम्ही ठरवतो! नियम एकच. मालकाने दुर्बिणीकडे पाठ करून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. आपली दुर्बीण प्रत्येकाला झकासच वाटते ना!

*

सकाळी तारे कुठून आणणार? मी मरोळच्या एका वर्कशॉपमधून बेअरिंगची स्टीलची गोळी आणली. समोरच्या सोसायटीच्या वॉचमनला पटवून ती त्यांच्या पाण्याच्या टाकीवर ठेवली. तिच्यावर चमकणारा उन्हाचा ठिपका म्हणजे आमचा तारा! पहिल्याच रविवारी तिथले सेक्रेटरी तावातावाने आमच्या गच्चीवर आले.

"आमच्या खिडक्यांत बघताय?"

"छे हो, टाकीकडे!" म्हणत आमच्या परेशभाईंनी त्यांनाच दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला. ते बराच वेळ बघत राहिले आणि खाली गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी धुऊन घेतली!

*

परेशभाईंच्या स्वतःच्या दुर्बिणीबरोबर चकचकीत सर्टिफिकेट आलं होतं. तारा जरा आउट ऑफ फोकस केला की एकात एक गोल कड्या दिसतात. फोकस आत न्या की बाहेर, त्या सारख्याच दिसायला हव्यात. इथे आत रेखीव कड्या, बाहेर नुसतं पिठलं!

निकाल नेहमीप्रमाणे सावंतकाकांनी दिला. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, मूळचे मालवणचे, आमचे न्यायाधीश. दुर्बिणीजवळच्या स्टुलावर बसायचा मान फक्त त्यांचा, बाकी सगळे वाकून बघणार. "सर्टिफिकेट भिंतीवर लाव रे परेश, दुर्बीण परत पाठव."

दुकानदार म्हणाला, "आजपर्यंत कुणाची कम्प्लेंट नाही."

"आजपर्यंत कुणाला सावंतकाका भेटले नसतील!" परेशभाई म्हणाले. दुर्बीण बदलून मिळाली. आम्ही आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होतो.

*

आमच्यातली सगळ्यात नवी नंदिनी. ती पवईहून पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या दुर्बिणीतल्या कड्या चक्क तिकोनी! "वाट लागली," परेशभाई म्हणाले. काकांनीही मान हलवली. "परत पाठव."

"थांबा ना काका. गाडीत एसी फुल होता. धातू आकसून भिंग आवळलं गेलं असेल."

आम्ही पोहे खायला बसलो. पोहे संपेपर्यंत कड्या गोल! काकांचा निकाल फिरवणारी ती पहिलीच. काका खूश. "पोरगी टिकणार," म्हणाले.

*

मध्यंतरी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून डॉक्टरांनी विचारलं, "कसं दिसतंय?"

काकांनी ट्यूबलाइटकडे बघितलं. "भिंग बरं बसवलंय. सेंटरला आहे."

डॉक्टर हसले. "जुनं पिवळं पडलं होतं, जांभळा रंग अडवत होतं. आता तो नीट दिसेल."

काका ताठ बसले. "म्हणजे मी पास केलेल्या सगळ्या दुर्बिणी परत बोलवा!" आणि खरोखर बोलावल्या. दोन-तीन नापास केल्या, मालकांची माफी मागून! असा न्यायाधीश आख्ख्या मुंबईत दाखवा मला.

*

त्याच सुमारास काकांची स्वतःची दुर्बीण आली. सहा इंची भिंगाची! तिच्यासाठी ते वर्षानुवर्षं थांबले होते. "कड दिसली तर परत पाठवीन," असं त्यांनीच जाहीर केलेलं. रविवारी ते नियमाप्रमाणे पाठ करून कट्ट्यावर बसले. स्टूल रिकामं.

परेशभाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "चहा घेऊया का?"

मी बघितलं आणि चहाला हो म्हटलं.

मग नंदिनीने डोळा लावला. कितीतरी वेळ ती हललीच नाही. काकांची मानही वळली नाही.

"काका," ती म्हणाली, "जांभळं आहे. थोडंसं, पण आहे."

काका उठले, वळले, चष्म्याशिवायच्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिले.

"माका कालच दिसला," ते म्हणाले. "म्हटलंय, बघूया, कोण खरा बोलता!"

आणि स्टूल तिच्यापुढे सरकवत म्हणाले, "बस गे."