साबणाचा वास

मंगळवारी बाबा गेले. बुधवारी वहिनीने त्यांचे सगळे कपडे साबणाने धुतले.

आज त्यांचा खाकी सदरा हातात घेतला आणि सेमाडोहजवळच्या जंगलातला पाणवठा आठवला. आजोबांचा शिकारीतला नियम बाबांनी बंदुकीशिवाय पाळला होता. सांबर बघायला जाण्याआधी दोन दिवस साबण, तेल, तंबाखू बंद. दहा वर्षांची मी तरीही पावडर लावून गेले.

“काहून लावली, बाई? सांबराले आधीच चिठ्ठी धाडून राहिली का?” म्हणत त्यांनी ओल्या मातीने माझी मान चोळली.

सांबर आलं, निवांत पाणी प्यालं. बाबांच्या पाठीला नाक टेकून बसलेल्या मला मात्र तंबाखूचा पुसटसा वास येतच होता.

सदऱ्याला आता फक्त साबणाचा वास आहे.