खून आणि लढाई, एकाच फळीवर

माझे पती एका मंगळवारी गेले. सकाळी त्यांनी चहा मागितला. मी चहा घेऊन आले तेव्हा ते खुर्चीत बसले होते आणि मान छातीवर होती. डॉक्टर आले. त्यांनी मनगट धरलं आणि सोडलं.

त्यानंतर आमच्या अमरावतीच्या घरी जो भेटायला आला, तो एकच गोष्ट सांगून गेला: इतिहासाचं फार नुकसान झालं. मी मान डोलावत राहिले. आता खुनाच्या कादंबऱ्या कोण लिहिणार, असं मात्र एकानंही म्हटलं नाही. वास्तविक यांच्यातल्या पुष्कळांच्या घरात इतिहासाचं पुस्तक शोधून सापडलं नसतं आणि कादंबऱ्या उशाखाली होत्या. त्या माझ्याकडूनच नेलेल्या आणि कधीही परत न आलेल्या, म्हणून मला ठाऊक.

हे महाविद्यालयात इतिहास शिकवत. त्यांनी दोन तऱ्हेची पुस्तकं लिहिली. एक, रहस्यकादंबऱ्या. कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगाखाली सापडलेला दिवाणजी, चिखलदऱ्याच्या विश्रामगृहातून धुक्यात नाहीसा झालेला इंजिनिअर. ही पुस्तकं एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर खपत. दुसरी, युद्धाच्या इतिहासाची. वऱ्हाडातल्या खेड्यांतून निघून ब्रह्मदेशात, इटलीत आणि पुढे पासष्ट-एकाहत्तरच्या लढायांत गेलेल्या साध्या शिपायांची. या पुस्तकांवर परीक्षणं येत, व्याख्यानं होत. पहिली पुस्तकं म्हणजे प्राध्यापकांचा विरंगुळा आणि दुसरी म्हणजे खरं काम, अशी वाटणी लोकांनी त्यांच्या हयातीतच करून टाकली होती. ती चुकीची आहे हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण वाचायचं काम माझं होतं.

बाळापूरला किल्ल्याच्या बाजूला एक म्हातारे राहत. तरुणपणी ब्रह्मदेशात फौजेच्या खेचरांवर होते. आम्ही जायचो, चहा व्हायचा आणि ते म्हणायचे, “काई नाई सांगासारखं. गेलो, आलो. बस.” आमच्या किती फेऱ्या अशा कोरड्या गेल्या. एकदा त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. त्यात नव्या कादंबरीचे छापखान्यातून आलेले कागद होते.

“हे काय हाये?”

“खुनाची गोष्ट.”

“मंग वाचा ना बाई. तुमी मास्तरीन, आमी आयकतो.”

मी शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे मोठ्यानं वाचायची लाज नव्हती. वाचता वाचता अंगण भरलं. त्यांची सून गव्हाचं सूप घेऊन जी बसली, ती निवडायचंच विसरली. शेवटचं प्रकरण आलं तसा यांनी हात वर केला आणि मला थांबवलं.

“आता तुमची पाळी, बाबा.”

“हे काय बाप्पा! मास्तरीनबाई, थांबल्या काहून? दिवाणजीले मारलं कोनं?”

“आधी खेचरं,” हे म्हणाले.

म्हातारे माझ्याकडे वळले. “लय चालू हायेत तुमचे मालक. सावकार बी असा अडवत नाई.”

सगळे हसले. म्हातारे तेवढे हसले नाहीत. मग सांगू लागले. जंगलात खेचरांच्या ओरडण्यानं शत्रूला पत्ता लागू नये म्हणून लढाईवर नेण्याआधी त्यांचे गळे आतून, आवाजापुरते, कापत. “तोंड वासे, दात दिसत, पन आवाज नाई निंगे. नदीत बुडालं तरी नाई निंगे. मले वाटे, आपलाई कापला. घरी आलो तं कोनाले काय सांगू?”

सून म्हणाली, “बाबा, हे तं तुमी आमाले कधीच नाई सांगतलं.” ते म्हणाले, “तुमी कुठं अशी गोष्ट अडवून धरली?”

त्या दिवसापासून आमचा रिवाजच पडला. हिवरखेडला, तेल्हाऱ्याला, कुठेही गेलं की मी कादंबरी वाचायची आणि शेवटच्या प्रकरणाआधी थांबायचं. माणसानं आपली लढाई सांगायची, यांनी लिहून घ्यायची. मग शेवटचं प्रकरण. गंमत अशी की खुनी कोण यावर वाद घालताना माणसं भीतीबद्दल, दगा देण्याबद्दल, प्रेत उचलण्याबद्दल आपसूक बोलू लागत. सरळ विचारलं असतं तर चहा पाजून वाटेला लावलं असतं.

बाळापूरच्या त्या म्हाताऱ्यांचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं. सांगून होईपर्यंत दिवस मावळला होता. “ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले, “पुढच्या खेपेले.” पुढची खेप व्हायच्या आत ते गेले. सुनेचा फोन आला. “बुढा जाता जाता इचारत होता. तेरवीले या आन् पुस्तक घेऊन या.”

पंगती उठल्यावर हार घातलेल्या फोटोसमोर बसून मी खुनाचं शेवटचं प्रकरण वाचलं. शहरातून आलेले एक नातेवाईक म्हणाले, “हे काय, तेरवीला असलं वाचतात का?” सून म्हणाली, “आमच्या बुढ्याले पायजे होतं, तुमाले नाई.” मुनीमानं कबुली दिली तेव्हा तिनं मांडीवर थाप मारली. “पाय! बुढा म्हनतच होता, मुनीमच हाये!” आणि मग पदर तोंडाला लावून ती रडली.

म्हणून अकोल्यात जे घडलं ते मला सोसलं नाही.

माझे दीर अकोल्यात वकील आहेत. तिथल्या एका वाचनालयाच्या समितीवर आहेत. भावाच्या नावानं कपाट करायचं त्यांनी ठरवलं, धावपळ केली. माया होती, नाही कशाला म्हणू? मी घरातला संच दिला, दोन्ही तऱ्हेची सगळी पुस्तकं. उद्घाटनाला गेले तर काचेआड फोटो, खाली पितळी पाटी आणि इतिहासाची पुस्तकं. मधल्या फळ्यांवर फुलदाण्या.

“भाऊजी, कादंबऱ्या?”

“वहिनी, त्या खाली ठेवल्यात. जिन्याखाली.”

“जिन्याखाली काय असतं?”

“सध्या... रद्दी असते. पण वेगळ्या पोत्यात आहेत.” मग आवाज उतरवून, “दादाच्या फोटोखाली नागडी प्रेतं मांडायची का? मुखपृष्ठं पाहिलीत ना? लोक काय म्हणतील?”

“लोकांनीच ती वाचली, भाऊजी. तुम्हीसुद्धा. सनदेच्या परीक्षेच्या वेळी.”

“वहिनी, आज वाद नको. पुढच्या बैठकीत विषय घेऊ.”

मी आयुष्यभर वाद घातलेला नाही. मला दोन शब्द बोलायला बोलावलं तेव्हा उठले आणि बाळापूरची हकिकत सांगितली, इथे लिहिली तशीच. शेवटी म्हणाले, “कपाटातल्या या पुस्तकांचं पान न् पान जिन्याखालच्या पुस्तकांनी मिळवलेलं आहे. दोन्ही ठेवणार नसाल तर एकही ठेवू नका. मी परत न्यायला तयार आहे.”

टाळ्या वाजल्या नाहीत. अध्यक्षांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. कोणी म्हणालं, दुःखात आहेत, जाऊ द्या. हे मला सगळ्यात लागलं. मी दुःखात होतेच, पण बोलले ते दुःखामुळे नव्हे. मी कपाटाची किल्ली मागितली. समितीतले लोक दिरांकडे पाहत राहिले. शेवटी दिरांनीच कपाट उघडलं आणि पुस्तकं माझ्या हातात दिली. मग जिन्याखाली गेले, अंगातला कोट न काढताच पोतं खांद्यावर घेतलं आणि माझ्या भाड्याच्या गाडीत टाकलं.

“हे घ्या तुमचे खून.”

“तुमच्या भावाचे,” मी म्हणाले.

त्यांचा फोन येत नाही. मीही करत नाही. मला त्याचं वाईट वाटतं आणि तरीही मी पुन्हा तेच करीन. घरी आल्यावर मी पुस्तकं लिहिली गेली त्या क्रमानं लावली, एक खून, एक लढाई, कुठे दोन खून आणि मग लढाई. कोणी मागितलं तर देते, आता परतही मागते.

अकोल्याच्या कपाटात सध्या काय आहे मला माहीत नाही. हे आता राहिले नाहीत. घरात मी आहे आणि त्यांची सगळी पुस्तकं आहेत.