विहीणबाई द्वारकेला निघाल्या

आमच्या विहीणबाईंएवढे धक्के मला आयुष्यात दुसऱ्या कुणीही दिलेले नाहीत, आणि मी उभी हयात मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात घालवली आहे. एक धक्का ओसरायला माणसाला थोडा तरी अवकाश मिळावा. पण या बाईंचा दुसरा धक्का पहिल्याच्या पाठीला पाठ लावूनच येतो. लेकीच्या लग्नात वरमाईचे पाय धुवायला म्हणून मी तांब्या घेऊन वाकले, तर भरजरी पैठणीखाली मला पांढरेशुभ्र पळायचे बूट दिसले. "राहू द्या हो, नाड्या लई गच्च बांधल्यात," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. मांडवातल्या आमच्याकडच्या बायका अजूनही तो प्रसंग डोळे मोठे करून सांगतात.

व्याहीबुवा गेले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि बाईंनी गिअरची सायकल घेतली. जुनी ताडपत्री फाडून तिच्या दोन ऐसपैस पिशव्या शिवल्या, त्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लटकवल्या आणि जाहीर केलं, "घृष्णेश्वराला जाऊन येते." जावयाचा मला फोन आला. "आई, तुम्ही स्कूटीवर आमच्या आईच्या मागं राहा. दर्शन झालं की परत आणा. तुमचं ऐकेल ती." त्यांनी माझं कधी ऐकलं होतं हे मी विचारू शकले असते, पण मुलीची आई पडले. भल्या सकाळी नगर नाक्यावर हजर झाले. बाई सलवारीवर व्याहीबुवांचा कंपनीचा निळा शर्ट घालून उभ्या होत्या आणि डोक्यावरच्या हेल्मेटात त्यांनी अबोलीचा गजरा खोचला होता.

विहीणबाईंना रस्त्यात कुठंही, कशावरही, क्षणात झोप लागते, हे मला दौलताबादच्या घाटात कळलं. मी पेट्रोल भरायला जरा मागं राहिले होते. वळण घेऊन वर आले तर कडेला सायकल आडवी, शेजारी बाई आडव्या, तोंडावर हेल्मेट, आणि भोवती माणसं गोळा. पेरूची टोपली बाजूला ठेवून एक म्हातारी "अगं माय, गेली की काय" म्हणत कपाळाला हात लावून बसली होती. माझ्या हातून स्कूटी निसटली. मी जी किंकाळी फोडली ती देवगिरीच्या बुरुजांवरून परत आली असेल. हेल्मेट जरासं सरकलं आणि एक डोळा उघडला. "वरडताय कशाला? निजले व्हते." उठून कपडे झटकले, म्हातारीकडून पेरू घेतला, आणि उरलेला घाट तो खात खात चढल्या.

वेरूळला दर्शन झालं. चहाच्या टपरीवर मी परतीचा विषय काढणार, तोच टपरीवाल्या चाचांनी विचारलं, "किधर कू निकले, खाला?"

"द्वारकेला," बाई म्हणाल्या.

माझा चहा बशीतून पदरावर सांडला. बुडत्याला काडीचा आधार, तसं मी विचारलं, "नाशिकच्या द्वारका चौकात ना?"

"नाय. समुद्रवाली. किसनाची."

"अहो, पण घरी तर घृष्णेश्वर सांगितलंत!"

"मग आले की मी घृष्णेश्वराला. खोटं कुठं बोलले?"

त्यांना एकटं सोडायचं तरी कसं, म्हणून मीही मुक्कामाला राहिले. त्या रात्री धर्मशाळेत त्यांनी सायकलीचं चाक नाडीनं स्वतःच्या पायाला बांधलं. सायकल कुणी पळवील म्हणून की मी पळवीन म्हणून, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी अंगावरच्या त्याच लुगड्यात मी पुन्हा त्यांच्या मागं. कसाबखेड्याच्या पुढं उसानं भरलेली ट्रॉली लागली. पाहते तर बाईंचा एक हात हँडलवर आणि दुसरा मागं लोंबणाऱ्या उसाला! ट्रॅक्टर ओढतोय, बाई पाय सोडून बसल्यात. मी हॉर्न वाजवून हैराण. त्यांना वाटलं मी कौतुक करतेय. शेवटी ऊस तुटला, सायकल झोकांडली, सावरली, आणि बाईंनी तो तुटका ऊस विजयी मुद्रेनं मला दाखवला. मी रस्त्यातच थांबून ढसाढसा रडले. तेव्हा मात्र त्या मागं आल्या, गुपचूप माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुन्यांदा नाय करणार. आईची आण."

देवगाव रंगारीच्या स्टँडवर जावयाचा फोन आला. कसं कोण जाणे, त्याला सगळं कळलं होतं. "आई, मी पिकअप पाठवतोय. तिला तिथंच बसवून ठेवा." बाईंनी ऐकलं. भांडतील असं वाटलं होतं. त्या बाकावर बसल्या, गुडघे चोळत राहिल्या.

"तुमचे व्याही वाळूजला कंपनीत पाळीला जायचे," त्या म्हणाल्या, "मी दारात. पोरगं पुण्याला शिकायला गेलं, मी दारात. आता सून हापिसला जाती, तरी मीच दारात. सगळ्यांला निरोप देऊन देऊन हात दुखला बघा. एकदा मला बी कुणी तरी निरोप द्यावा. घरी खरं सांगितलं असतं तर निरोप नसता दिला त्यांनी, कुलूप लावलं असतं."

फोन अजून चालूच होता. मी तो कानाला लावला. जावयाला उलट उत्तर देण्याची माझी ती पहिलीच वेळ. "जावईबापू, गाडी परत बोलवा. त्यांना जाऊ द्या." एवढं बोलून मी फोन ठेवून दिला. माझ्याजवळचा शेंगदाण्याचा लाडू मी बाईंच्या हातावर ठेवला. त्या शिऊरच्या रस्त्याला लागल्या, आणि कपाशीच्या शेतांआड निळा शर्ट दिसेनासा होईस्तोवर मी भर स्टँडवर उभी राहून हात हलवत होते.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मी भाकरी थापत असताना फोन वाजला. "विहीणबाई, समुद्र आला," त्या म्हणाल्या. मी विचारलं, कसा आहे? त्यांनी फोन समुद्राकडं धरला असावा, नुसताच लाटांचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येत होता. मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानं फोन कानाशी धरून ऐकत राहिले.