तलावातले सगळे नर

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, हैदराबाद शहराबाहेरच्या एका मोठ्या तलावात कित्येक वर्षं पावसाळ्यात एकही मादी मासा नव्हता. होते ते सगळे नर. ही गोष्ट सरकारी रजिस्टरात, उर्दूत, काळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरांत नोंदलेली आहे. त्यातल्या शेवटच्या चार पावसाळ्यांचं हस्ताक्षर माझं आहे.

त्या तलावावर मी मुन्शी होतो. काठावरच्या पत्र्याच्या खोलीत बसायचं, गळ टाकायला येणाऱ्यांचे परवाने बघायचे आणि संध्याकाळी कोणी काय पकडलं ते लिहून घ्यायचं. नियम साधा होता. पावसाळ्यात माशांची पोटं अंड्यांनी भरतात, म्हणून त्या दिवसांत मादी सापडली तर परत पाण्यात सोडायची. नर खुशाल घरी न्यायचा. रजिस्टरात त्यासाठी दोन रकाने होते, नर आणि मादा.

आता मला सांगा, दिवसभर भिजून, कणकेच्या गोळ्या संपवून, शेवटी एक रोहू हाती लागलेला माणूस, घरी मसाला वाटून तयार असताना, स्वतःच्या तोंडानं ‘मादी आहे हो’ असं म्हणेल? मी विचारायचो, “नर की मादा?” ते म्हणायचे, “नर.” मी लिहायचो, नर. मी देशस्थ घरातला, माशाला बोट लावणं मला जमत नव्हतं. आणि भल्या माणसाच्या शब्दावर शंका घेणं आमच्या शहराच्या रीतीत बसत नव्हतं.

बरं, शास्त्रं काय कमी होती? रोज येणारे एक म्हातारे जागीरदार होते. ते मासा माझ्या नाकासमोर धरायचे आणि त्याच्या ओठांवरचे दोन बारीक केस दाखवायचे. “मूँछें देखो मुन्शीजी, मूँछें! अब भी शक है?” ते केस त्या जातीच्या प्रत्येक माशाला असतात, हे मला फार उशिरा कळलं. दुसरे आमच्या मलकपेठेतलेच एक मराठी वकील. त्यांचं म्हणणं, मादी आमिष आधी चाटून बघते, विचार करते. नर एकदम गिळतो. “हा एकदम गिळला. लिहा नर. आणि संशय असेल तर संशयाचा फायदा आरोपीला.” आरोपी पिशवीत, फायदा वकिलाला, आणि मी लिहितोय, नर.

मग पोलीस ॲक्शन झाली, संस्थान हिंदुस्थानात आलं. पाट्या बदलल्या, टोप्या बदलल्या, कालपर्यंत आदाब करणारे हात नमस्कारासाठी जुळू लागले. त्या गडबडीत नामपल्लीच्या कचेरीतून हुकूम आला की हंगामी मुन्शींची तपासणी होऊन कामाचे तेवढे कायम होतील, बाकीच्यांनी घरी जावं. मी हंगामी होतो. घरात आई, दोन शिकणारे भाऊ आणि मिळवता मी एकटा.

पुढच्या पावसाळ्यात तपासणीला आलेले साहेब नागपूरकडचे होते. उंच, चष्मेवाले, स्वच्छ कपड्यांचे. उर्दू त्यांना येत नव्हती. खुर्चीत बसून म्हणाले, “वाचून दाखवा.”

मी गेल्या पावसाळ्याचं पान उघडून वाचू लागलो. “नर. नर. नर. नर. नर...”

पान संपलं, दुसरं सुरू झालं. साहेबांनी चष्मा काढला.

“थांबा बाप्पा. मादी कुठं आहे?”

“मादी... नाही, साहेब.”

“अख्ख्या पावसाळ्यात?”

“त्याआधीच्याही.”

“अन् मग हे मासे काय आकाशातून पडून राहिले का?”

खिडकीतून आत बघत उभे असलेले जागीरदार मदतीला धावले. “साहब, यहाँ की आबोहवा ही मर्दाना है.” मला तलावात उडी मारावीशी वाटली.

साहेब शांतपणे म्हणाले, “पंधरा दिवस देतो. त्यानंतरच्या रविवारी मी स्वतः गळ घेऊन येईन. त्या दिवशी माझ्या घरी नागपूरचे पाव्हणे येऊन राहिले, त्यांना इथलाच मासा खाऊ घालीन. तेव्हा रजिस्टर पाहीन अन् तुमच्याबद्दल काय लिहायचं ते त्यातच लिहीन. खोटं लिहिणारा माणूस मला नको.”

म्हणजे माझी नोकरी माशांच्या लग्नाळू वयावर येऊन ठेपली!

फाटकाबाहेर एक कोळीण मरळ मासे विकायला बसायची. मी तिच्यापुढे जाऊन उकिडवा बसलो. तिनं मला चार वर्षं नाकाला रुमाल लावून जाताना पाहिलं होतं, त्यामुळे ती आधी पोटभर हसली. आम्हा ब्राह्मणांना ती ‘पंतुलू’ म्हणायची. मग तिनं आपल्या दिराच्या जाळ्यातले दोन रोहू पाटीत घातले आणि माझं मनगट धरून बोट माशाच्या कल्ल्यामागच्या परावर फिरवलं. “ये खरखर लगता ना पंतुलू? ये नर. अब इसकू हात लगाव. चिकना है. ये मादी.” मग पोट दाबायला लावलं. मादीचं मऊ आणि फुगलेलं. नराचं दाबलं की दुधासारखा थेंब येतो. “बस, इत्ताच है. पन बारिशके दिनाँमेंच, हौ. बादमें मैं बी नै बोल सकती.”

इत्तंच! चार वर्षं मी मिशा बघत होतो.

घरी आईनं मला दाराबाहेर उभं केलं आणि डोक्यावर घागर ओतली. “बाप शाळेत मुलांना श्लोक शिकवायचा, आणि तू माशांची पोटं दाबतोस! तेही बायकामाणसांची!”

“आई, ते तपासल्याशिवाय कळत नाही.”

“कळून करायचंय काय तुला?”

पुढचे पंधरा दिवस आठवले की अजून माझ्या कपाळाची शीर उडते. वकिलांनी दोन पानी लेखी हरकत दिली की नियमात ‘मादी सोडावी’ एवढंच आहे, ‘मादी ओळखावी’ असं कुठेही नाही. जागीरदारांनी तर मासा शेरवानीच्या आत दडवला. मी हात पुढे केल्यावर मागे सरकले. “मियाँ, आप ही फरमाते हैं कि मादा हो सकती है. फिर आप ठहरे ग़ैर मर्द. हाथ कैसे लगाएँगे?”

“हुज़ूर, मछली है.”

“तो क्या हुआ? हमारे यहाँ की है.”

मासा शेरवानीत फडफडतोय, जागीरदार गुदगुल्यांनी वळवळतायत आणि मी परपुरुष म्हणून हात जोडून उभा! शेवटी पर तेवढा बाहेर काढून दाखवायचं ठरलं. चिकना निघाला. मासा पाण्यात गेला आणि जागीरदार चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण रजिस्टरात मादीचा रकाना भरू लागला. नर, मादी, मादी, नर. इतकी वर्षं कोरा राहिलेला तो रकाना बघून मला उगाच गहिवरून यायचं.

रविवारी साहेब आले. नवी कोरी काठी, नवी चरखी, पण गळ टाकायची रीत अशी की पहिल्यांदा तो वकिलांच्या टोपीत अडकला. दुपारपर्यंत काहीच नाही. साहेब घड्याळ बघायचे आणि पुटपुटायचे, “पाव्हणे निघाले असतील.” तीनच्या सुमारास काठी वाकली. अर्धा तास साहेब ओढतायत, आम्ही ओरडतोय, चष्मा पाण्यात पडतोय, आणि शेवटी हातभर लांबीचा, पिवळ्या पोटाचा, देखणा रोहू काठावर आला. आम्ही तो पाण्याच्या घमेल्यात ठेवला. साहेबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“सांगा,” ते म्हणाले. “काय आहे?”

मी पराला बोट लावलं. रेशमासारखा. खरखर नावाला नाही.

जागीरदार लगेच म्हणाले, “नर है साहब! मूँछें देखिए.”

“एकदम गिळला,” वकील म्हणाले. “माझ्यासमोर गिळला.”

साहेब आशेनं माझ्याकडे बघू लागले. “हे तर नर म्हणून राहिले.”

आणि मी खोटं सांगणार नाही, मोह झाला. रजिस्टर उर्दूत, साहेबांना उर्दू येत नाही, आणि या क्षणी त्यांच्याइतकी कोणालाच तो नर असावा अशी इच्छा नव्हती. एक शब्द, आणि सगळे खूश. पण मग पुढच्या तपासणीत पुन्हा मलाच उभं राहून वाचावं लागेल, नर, नर, नर? मी पोट हलकेच दाबलं. दोन पिवळसर दाणे माझ्या बोटाला चिकटून आले. ते बोट मी साहेबांच्या डोळ्यांपुढे धरलं.

“मादी आहे, साहेब.”

साहेबांनी घमेलं उचललं, बुटांसकट गुडघाभर पाण्यात गेले आणि ते तिरकं केलं. ती क्षणभर त्यांच्या पायांशी रेंगाळली आणि गेली. साहेब परत आले ते पचपच आवाज करत.

“रजिस्टर आणा.”

मी आणलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. वकील त्यांच्या खांद्यावरून वाकून मोठ्यानं मराठीत सांगू लागले, “मुन्शी भरवशाचा आहे. कायम करण्यात यावा.” जागीरदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली, “मुबारक, मियाँ!” मला आनंद झाला की रडू आलं, आठवत नाही, पण साहेब मात्र ओल्या पाटलोणीकडे बघत सही करत होते. सही झाली. पेनाचं टोपण बसवता बसवता त्यांनी मान वर केली, आणि इतका वेळ दाबून धरलेलं त्यांच्या तोंडून सुटलं:

“केलं बाप्पा तुम्हाला कायम! अन् आता पाव्हण्यांच्या ताटात काय वाढू, तुमचं रजिस्टर?”