हात लावायला सांगणारे मास्तर

आमच्या ड्रॉइंगमास्तरांच्या संग्रहालयात एकच गुन्हा होता, हात मागे बांधून उभं राहण्याचा. एखादी पोर तशी दिसली की ते डाफरायचे, "हात काय भाड्यानं आणलेत?" आणि तिच्या ओंजळीत सुगरणीचं घरटं ठेवून मोकळे व्हायचे. घरटं कुणाचं, कशाचं, ते नंतर. आधी हात, मग माहिती, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पलूसजवळच्या त्या शाळेत मी सांगलीहून नोकरीला आले, तेव्हा हे संग्रहालय ऑफिसामागच्या अडगळीत होतं. सापाची कात, खोललेलं घड्याळ, फौजेतल्या कुणीतरी आणलेले बर्फातले बूट. बाकीचे शिक्षक त्याला जुना बाजार म्हणत. मास्तरांना मात्र मोठी खोली हवी होती. पोरांना तिथं बसून मातीकाम करता यावं, वस्तू सुट्या करून पुन्हा जोडता याव्यात. त्यासाठी त्यांनी सरपंचांच्या नाकी नऊ आणले.

सरपंच म्हणजे सुभेदार आबा. पलटणीतून निवृत्त झालेले, उसाचे बागायतदार, बोलणं तोलूनमापून. त्यांचा थोरला मुलगा एकाहत्तरच्या लढाईत गेला होता, पण तो विषय कुणी काढत नसे. आबांनी अखेर शाळेला लागून असलेली आपली खताची पोती ठेवायची खोली रिकामी करून दिली. मास्तरांनी स्वतः चुना लावला. मलाही कुंचला दिला. माझी चांगली साडी कायमची गेली, आणि हा माणूस म्हणतो कसा, "बाई, आता तुम्ही खऱ्या शिक्षिका दिसता."

आबांनी आणखी एक देणगी दिली. त्यांच्या उसाच्या रानात नांगराला एक वीरगळ लागला होता. लढाईत पडलेल्या कुणा वीराचा, ढाल-तलवार कोरलेला जुना दगड. मास्तर हरखून गेले. तो खोलीच्या मधोमध उभा केला, आणि तिथंच घोटाळा झाला.

अमावास्येला कुणीतरी त्याच्यापुढं नारळ फोडला. मग शेंदूर लागला, तेलवात आली, उंबऱ्याबाहेर चपला निघायला लागल्या. शेवटी आबांनीच खोलीला कुलूप घातलं. पोरांचे खरकटे हात देवाला नकोत, असा निरोप आला. मुलांची खोली उघडते न उघडते तोच तिचं देऊळ झालं, आणि सापाची कात पुन्हा अडगळीत.

मला संताप आला. वर तक्रार करू म्हटलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी मला आबांच्या घरी चहाला घेऊन गेले. चहा संपेपर्यंत पाऊसपाण्याच्या गप्पा. मग ते हळूच म्हणाले, "आबा, त्यो देव न्हाई. कुणाचा तरी पोरगा हाय. लढाईत पडला. पोरांनी त्याला वळखावं, म्हणून बापानं दगड हुबा केला असंल."

आबा कपाकडं बघत राहिले. मग उठून आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. झालं, सगळं मुसळ केरात, असं मला वाटलं.

सकाळी खोली उघडी. आबा धोतर खोचून, काथ्यानं शेंदूर घासून काढत होते. दारात पहिलीच्या मुली हात मागे बांधून उभ्या. आबांनी एकीचा हात धरून दगडावर ठेवला. "ही ढाल. आन् ह्यो त्याचा खांदा. भिऊ नगं, लाव हात." मास्तर खिडकीकडं वळून स्वच्छ काच पुसत बसले.

पुढं मास्तरांची मेढ्याला बदली झाली. जाताना चुन्याचा कुंचला त्यांनी मला दिला, साडीची भरपाई म्हणून. मी जन्मभर शिकवलं, आणि कुठल्याही मुलाला कधी 'हात लावू नको' असं म्हटलं नाही. ही त्यांचीच देणगी, आणि तिचे उपकार फिटणारे नाहीत.

मास्तर वारल्याचं मला उशिरा कळलं. आबांना सांगायला म्हणून त्या खोलीकडं गेले. वीराचा खांदा पोरांच्या तळव्यांनी गुळगुळीत झाला होता. पार थकलेले आबा दाराशी स्टुलावर बसले होते. मास्तरांचा फोटो लावू या का, मी विचारलं.

"नगं बाई. फोटोला हार घालत्यात लोक," आबा म्हणाले. "त्यांचं काय हाय का तुमच्याकडं, पोरांना हातात धरता येईल असं?"

पुढच्या रविवारी मी तो कुंचला नेऊन दिला.