हात वर करणारा कर्णधार

व्यावसायिक फुटबॉलमध्ये मी बारा वर्षं काढली. त्यातलं लोकांना आठवतं ते एवढंच, की मी कर्णधार होतो. त्यामुळे ग्वाल्हेरमध्ये कुठेही 'दबाव आणि संघभावना' या विषयावर कुणी बोलायला हवं असलं की मला बोलावतात. या वेळी नया बाज़ारमधल्या मराठी मंडळींनी बोलावलं आणि वर सुचवलं, "तुमच्या संघातला तो लेफ्ट बॅक, पडाव भागात ऑफिस आहे ना त्याचं, त्यालाही आणा. शोभा येईल."

तो शिंदे की छावनीतला, माझ्याच गल्लीतला, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याला क्लबात मी नेलं, हे मी प्रत्येक भाषणात सांगतो. त्याला बाहेरही मीच काढलं, हे वेळेअभावी राहून जातं.

आमची बचावफळी चौघांची. मी 'ऊपर' ओरडलो की चौघांनी एकदम पुढे धावायचं, म्हणजे समोरचा खेळाडू मागे एकटा उरतो आणि ऑफसाइड ठरतो. एकानेही पाय ओढला की सगळं फसलं. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, अखेरच्या दहा मिनिटांत, मी ओरडलो. तिघे धावले. मी जागेवरच. दुखत काही नव्हतं. दमलो होतो, आणि वाटलं, बाकीचे बघून घेतील. संघावर विश्वास म्हणतात तो हाच असावा. मग बचावपटूला जी सवय असते ती मी इमानाने पाळली. हात वर केला आणि पंचांकडे ऑफसाइड मागितली. मागे राहिलेला मीच, आणि तक्रारही माझीच. गोल झाला, आम्ही हरलो.

ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षकांनी विचारलं, "पीछे कौन रह गया?"

मी खोटं बोललो नाही, याचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता. मी फक्त लेफ्ट बॅककडे बघितलं. कर्णधाराने बघितलं तिकडे सगळ्यांनी बघितलं. चित्रीकरण होतं, पण कॅमेरा चेंडूच्या मागे धावत होता. बुटाची नाडी सोडता सोडता तो म्हणाला, "सॉरी सर, मेरे से हुआ होगा." पुढच्या हंगामाला त्याच्याशी करार झाला नाही. माझ्याशी झाला. जबाबदार खेळाडू म्हणून.

तर आमंत्रण घेऊन मी त्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो.

"या दादा, या. चष्मा लागला? चला, आता तरी लाइन दिसेल." त्याने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. मी चहा यायच्या आत त्या गोलाचं सगळं बोलून टाकलं. घरी आरशासमोर सराव केला होता, भाषणाचा करतो तसा.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही माझ्या उजवीकडेच तर होतात, दादा. लाइन बघायला मी तुमच्याकडेच बघायचो. मला काय दिसलं नसेल?"

चहा आला. तो म्हणाला, "आता छोडो. पण बोलायचंच असेल तर तिथे माइकवर बोला. मी बायकोला घेऊन येतो. ती आजपण मला म्हणते, तुमच्यामुळे हरले बिचारे."

कार्यक्रमात तो बायकोबरोबर तिसऱ्या रांगेत बसला होता. मी दबाव बाजूला ठेवला, संघभावना बाजूला ठेवली आणि सरळ सांगितलं: गोल माझ्यामुळे झाला, शिक्षा याने भोगली, मी गप्प बसलो. मग टाळ्या. अध्यक्षांनी माइक घेतला आणि गहिवरून सांगितलं, की एवढ्या मोठ्या खेळाडूने चूक कबूल करायला मनाचा मोठेपणा लागतो. मला शाल दिली. त्याचं नाव घ्यायचं राहिलं. मीही आठवण केली नाही. खांद्यावर शाल पडत होती, मान खाली होती.

तो टाळ्या वाजवत नव्हता. त्याची बायकोही नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

जिन्यावर मी त्यांच्या मागून उतरत होतो. त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

तो दोन पायऱ्या उतरला.

"दादा होते ना," तो म्हणाला.

मी तिथेच थांबलो. ते रस्त्यावर पोचून दिसेनासे होईपर्यंत खाली उतरलो नाही.