तीन तासवाल्या ताई

इस्पितळात त्यांना सगळे ‘तीन तासवाल्या ताई’ म्हणत. छातीत दुखणारा माणूस आला की त्याच्या रक्ताची नळी तळमजल्यावरच्या लॅबमध्ये त्यांच्याकडे यायची. वॉर्डातल्या सिस्टरने फोनवर घाई केली की ताई ठणकावायच्या, “ट्रोपोनिन आत्ता नॉर्मल आहे म्हणून हुरळून जाऊ नका. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तरी ते रक्तात उतरायला वेळ लागतो. तीन तासांनी दुसरी नळी पाठवा!” बावीस वर्षं हेच वाक्य. नवे डॉक्टर त्यांची नक्कलही झकास करायचे.

पेशंटचं तोंड ताईंनी कधी पाहिलं नाही. नळीवरची चिठ्ठी, एवढीच ओळख. चार वर्षांपूर्वी त्या चिठ्ठीवर दादाचं, त्यांच्या थोरल्या भावाचं नाव आलं आणि ताईंनी ते दोनदा वाचलं. त्याआधीच्या पाच वर्षांत दोघं एका शब्दाने बोलले नव्हते.

त्यांचे वडील गेले त्या दिवशी छातीतली जळजळ पित्ताची समजून दादाने त्यांना गोळी देऊन झोपवलं होतं. ताईंनी भरल्या घरात त्याला सुनावलं, “तू घालवलंस बाबांना!” तो निघून गेला तो गेलाच. खरी गोष्ट मात्र ताईंनी पोटात ठेवली. त्या दुपारी बाबांनी आधी त्यांनाच फोन केला होता, आणि कामाच्या गडबडीत त्या म्हणाल्या होत्या, “पित्त असेल, गोळी घ्या आणि पडा.” दिवसभर दुसऱ्यांची हृदयं तपासणारी बाई ही! त्या एका वाक्याने त्यांना तेव्हापासून पोखरलं होतं.

वर्षातून दोनतीनदा दादाची नळी यायची. छातीत दुखलं की तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून, वाटेतले दोन दवाखाने टाकून इथेच यायचा. दर वेळी आकडा नॉर्मल. आणि लाज वाटली तरी ताईंना त्या नळीची ओढ लागली होती. यंत्रात घालण्याआधी त्या ती क्षणभर मुठीत धरायच्या. रक्त अजून कोमट असायचं. पुढचे तीन तास दादा दोन मजले वर असायचा, आणि जिना चढायचा राहून जायचा. मग दुसरी नळी नॉर्मल, दादा घरी, आणि ताई स्वतःवरच चरफडत बसलेल्या.

त्या मंगळवारी सकाळी दुसऱ्या नळीचा आकडा पहिल्याच्या वीसपट आला. ताईंनी नियमाप्रमाणे वॉर्डात फोन केला, सिस्टरकडून आकडा परत म्हणवून घेतला. मग यंत्र शेजारच्या बाईंवर सोपवलं आणि त्या जिना चढल्या.

दादाला स्ट्रेचरवर घेतलं होतं. केस पार पांढरे झालेले. चिठ्ठीवर हे कुठे लिहिलेलं असतं?

“वाढलाय का गं?” कालच भेटल्यासारखं त्याने विचारलं.

“वाढलाय. पण तू वेळेवर आलास.” ताईंनी त्याचा दंड धरला. आता नाही तर कधीच नाही. “दादा, त्या दिवशी बाबांनी आधी मला फोन केला होता. गोळी मीच सांगितली. तुझं काही चुकलं नव्हतं रे.”

“ठाऊक आहे. ‘धाकटीने सांगितलंय’ असं म्हणूनच बाबांनी माझ्याकडे गोळी मागितली.”

“मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीस?”

“बोललो असतो, तर तू पुन्हा त्या यंत्रासमोर बसली असतीस का?”

स्ट्रेचर हललं, तशा ताई त्याचा दंड न सोडता बाजूने चालू लागल्या.